शाळा सुटल्यानंतर शिक्षकांनी गावासाठी वेळ द्यावा का?

धागाकर्ता:
पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्र सरकारने २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम विनामानधन स्वयंसेवकांच्या भरवशावर उभा आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रातील शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला, तो योग्यच होता, कारण घरोघरी जाऊन तक्ते भरणे म्हणजे अध्यापन नव्हे. मात्र सर्वेक्षणाबरोबर संध्याकाळचे वर्गही नाकारले जावेत, हे मला पटत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ती कोणाच्या परिपत्रकावरून नव्हे. शिक्षकांनी आठवड्यातील एखादी संध्याकाळ गावातील प्रौढांना स्वखुशीने द्यावी, असे माझे मत आहे.

प्राथमिक शिक्षिका:
‘स्वखुशीने’ हा शब्द आपण फार सहज वापरला आहे. आमची शाळा द्विशिक्षकी आहे. दोघांमध्ये चार इयत्ता, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि मतदार याद्यांचे काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक काम देता येत नाही, आणि प्रौढ साक्षरता या अपवादांत नाही. म्हणून आदेशाऐवजी ‘आवाहन’ येते, आवाहनामागोमाग केंद्रप्रमुखांचा फोन येतो आणि रात्री वर्गाचे छायाचित्र गटावर टाकावे लागते. शेवटची एसटी सुटल्यावर घरी कसे जायचे, हे मात्र कोणी विचारत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक:
साताऱ्यातून सुरू होऊन राज्यभर गेलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत शिक्षकांनीच कंदिलाच्या उजेडात प्रौढांना अक्षरओळख करून दिली. ते गावात राहत होते, हा खरा फरक आहे. आज घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडायचा आणि मुक्काम तालुक्याला ठेवायचा, मग एसटीची तक्रार कशाला?

प्राथमिक शिक्षिका:
सर, गावात भाड्याने मिळेल असे पक्के घर आपण दाखवावे, मी उद्याच राहायला येते. भत्ता ही सेवाशर्तीची बाब आहे. तिच्या बदल्यात माझी संध्याकाळ कोणी मागू नये.

एक पालक:
शिक्षकच कशाला हवेत? डी.एड. होऊन घरी बसलेली मुले-मुली गावोगाव आहेत. त्यांना मानधन देऊन हे वर्ग चालवावेत. फुकटच्या सेवेचा आग्रह धरणारे सरकार शेवटी स्वतःचा खर्चच वाचवत असते.

धागाकर्ता:
मानधनाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि ते शिक्षकांनाही मिळावे. मुख्याध्यापक महोदयांनी घरभाड्याचा विषय येथे आणणे मात्र मला अप्रस्तुत वाटते. तरीही पन्नाशीची बाई पाटी हातात धरायला लाजते, तेव्हा आपल्या नातवंडांना शिकवणाऱ्या बाईंसमोर ती लाज थोडी कमी होते. नव्याने आलेल्या तरुणाला तो विश्वास मिळवण्यात महिने जातील. म्हणून तयार असलेल्या शिक्षकांसाठी ही वाट खुली असावी, वर्ग दिवसाउजेडी आटोपावेत, छायाचित्रांची सक्ती नसावी, आणि ‘मला जमणार नाही’ असे सांगणाऱ्याच्या गोपनीय अहवालात त्याची नोंद होणार नाही, हे शिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी द्यावे.

प्राथमिक शिक्षिका:
तसे लेखी मिळाले, तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास मी देईन. तोपर्यंत माझा नकार कायम आहे.