परभणीकडून उल्कावर्षाव कुठून बघावा? दुर्बीण घ्यावी का?

सेलूची लेक:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात लेकरांना मिथुन राशीतला उल्कावर्षाव दाखवायचाय. राहायला परभणीत, माहेर सेलू तालुक्यात, तिथं शेतात आखाडा (गुरं-अवजारांची शेतातली जागा) आहे. म्हैसमाळ किंवा येडशीला जावं का? पंधरा हजारांपर्यंत दुर्बीण घ्यायचंही मनात आहे. धाकटीला पृथ्वीजवळून जाणारा लघुग्रह बघायचाय, पण मोबाईलवरच्या बातम्या वाचून ती घाबरतेही.

पुनर्वसू:
ताई, घरचा आखाडा असताना लांब कशाला जाता? गावातला हायमास्ट आणि डीपीजवळचा बल्ब नजरेआड होईल अशी जागा धरा, तेवढं पुरे.

दुर्बिणीचे पैसे तूर्त राहू द्या. उल्का आकाशात कुठंही चमकते आणि सेकंदभरात विझते. दुर्बिणीतून आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो, त्यात ती सापडत नाही. पुढं घ्यायचीच झाली तर १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री घ्या, कृत्तिका आणि चंद्र तिच्यातून फार सुंदर दिसतात.

रात्र १३ डिसेंबरची, १४ ची पहाट धरून. मृग ओळखता येत असेल तर त्याच्या ईशान्येला पुनर्वसू नक्षत्राचे दोन तारे शोधा. उल्का त्यांच्याजवळूनच उधळल्यासारख्या वाटतात, तो उगमबिंदू. दहा वाजता ते पूर्वेकडं बऱ्यापैकी वर आलेले असतात, दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर. नजर मात्र तिथंच रोखू नका, त्यांच्यापासून लांब दिसणाऱ्या उल्कांची रेघ मोठी असते. बातम्यांत तासाला १२० ते १५० चा आकडा येतो, तो उगमबिंदू थेट डोक्यावर आणि आकाश पूर्ण काळं असेल तेव्हाचा. त्याच्या निम्म्या दिसल्या तरी रात्र सोन्याची.

लेकरांसाठी हाच वर्षाव चांगला. सिंह राशीतल्या उल्का सेकंदाला ७१ किमी वेगानं येतात, या ३५ नं. ‘ती बघ’ म्हणायला जरा तरी वेळ मिळतो. ऑगस्टातला ययातीचा वर्षाव आपल्याकडं ढगांतच जातो.

आधी कालनिर्णयमध्ये तिथी बघा. शुद्ध पंचमीच्या आत असेल तर दहा-साडेदहापर्यंत चंद्र मावळतो. पौर्णिमेजवळ असेल तर ठळक उल्काच दिसतील. अंधाराची सवय व्हायला डोळ्यांना २०-३० मिनिटं लागतात. मोबाईल उघडला की पुन्हा पहिल्यापासून.

रातपाणी:
आमच्याकडं हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीचीच लाईट असते, त्यामुळं हे आकाश रोजचं. पहाटे दोन-तीनला खूप तारे तुटतात. दव पडतं, वाकळांवर ताडपत्री घ्या. बाज तुरीला खेटून टाकू नका, रानडुकरं फिरतात. शेकोटी पाठीमागं ठेवा.

औंढेकर:
धाकटीला सांगा, डिसेंबरच्या या उल्का लघुग्रहाचेच कण आहेत. ३२०० फेथॉन त्याचं नाव, १९८३ मध्ये सापडला. बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा वेगळा.

बातम्यांतलं ‘जवळून’ म्हणजे बऱ्याचदा चंद्राच्याही पलीकडून, आणि चंद्रच सरासरी ३,८४,००० किमीवर आहे. खरं जवळून जाणार तो अपोफिस, १३ एप्रिल २०२९ ला, जमिनीपासून सुमारे ३२,००० किमीवरून. आपले दूरदर्शन प्रक्षेपणाचे उपग्रह ३५,७८६ किमीवर असतात, त्यांच्याही आतून! निदान शंभर वर्षं तरी त्याचा धोका नाही, असं नासानं २०२१ मध्ये मोजमापानंतर सांगितलं. तो युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून नुसत्या डोळ्यांनी दिसेल. आपल्याकडं तेव्हा १४ ची पहाट, साधारण सव्वातीन वाजलेले असतील.

दिवसा मंठ्यावरून लोणारला न्या. १.८ किमी रुंदीचं ते विवर काठावरून बघितलं की लेकरांना आघात म्हणजे काय ते कळतं.

सेलूची लेक:
ठरलं, आखाडाच! १३ ला ढग आले तर?

पुनर्वसू:
१२ च्या रात्रीच एकदा बघून घ्या. हा वर्षाव शिखरानंतर लवकर ओसरतो, म्हणून १५ वर भिस्त ठेवू नका.