आवाज ‘पुढे’ घ्या म्हणजे नेमका कुठे?

अनुवादिनी
एका संस्थेसाठी छोटी मार्गदर्शिका मराठीत करतेय. त्यांच्याकडे व्याख्यानांचे तीन-तीन तासांचे व्हिडिओ आहेत, त्यांचे विषयवार तुकडे पाडायचे आहेत. तुकडे पाडले की काहींत वक्त्याचे ओठ एकीकडे आणि आवाज भलतीकडे, म्हणून शेवटी दुरुस्तीचा भाग आहे. तिथे मी लिहिलं, ‘आवाज २०० मिलीसेकंद पुढे घ्या.’ मसुदा दोघांना वाचायला दिला. एकाने आवाज लवकर येईल असा सरकवला, दुसऱ्याने उशिरा. आणि दोघंही ठाम, की पुढे म्हणजे हेच! ‘घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे’ आणि ‘लग्न पाच दिवस पुढे गेलं’, दोन्ही मराठीच की. ‘आगाऊ’ लिहावं म्हटलं तर आवाज उद्धट वाटतो. काय करू?

बोरूबहाद्दर
ताई, आधी एक सांगा. ओठ आणि आवाज जुळण्याला मार्गदर्शिकेत ‘सिंक’ तर लिहिलं नाहीये ना? ‘समक्रमण’ हा तयार, नेटका शब्द आहे. तोच वापरावा.

निमूट
समक्रमण मी पहिल्यांदा ‘संक्रमण’ वाचलं. वाटलं, तिळगूळ वाटायचेत की काय.

रीळवाला
बरीच वर्षं एडिटिंगमध्ये होतो. आमच्या टेबलावर कोणी समक्रमण म्हटलं असतं तर चहा देणाऱ्या पोरानेही वळून पाहिलं असतं. ‘सिंक गेलं’, ‘क्लॅपवर सिंक लाव’, बास.

पण ताईंच्या ‘पुढे’चं मूळ तिथेच सापडेल. चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर छापले की ती मॅरीड प्रिंट. ३५ मिमीच्या प्रिंटवर आवाज आपल्या चित्राच्या २० फ्रेम पुढे छापतात, १६ मिमीवर २६. प्रोजेक्टरमध्ये चित्राचं गेट, म्हणजे चित्रावर उजेड पडतो ती खिडकी, एका जागी आणि आवाज वाचणारं साउंड हेड त्याच्या खाली, म्हणून. इथे ‘पुढे’ म्हणजे रिळाच्या तोंडाकडे, आधी जाणारं. त्यामुळे अशी प्रिंट नुसतं चित्र बघून कापली, की दुसऱ्या तुकड्याचा सुरुवातीचा पाऊण सेकंदाहून जास्त आवाज पहिल्या तुकड्याबरोबर जायचा. लग्न झाल्यावर तोडातोडी नको, हा तेव्हापासूनचा नियम. आता कॉम्प्युटरवर टाइमलाइन डावीकडून उजवीकडे जाते. पोरांना पुढे म्हणजे उजवीकडे, म्हणजे उशिरा. आम्हाला पुढे म्हणजे आधी. ताईंचे दोन वाचक नक्की वेगवेगळ्या वयाचे असणार.

अनुवादिनी
काका, अगदी बरोबर! एक साठीचे, एक विशीतला.

वऱ्हाडकर
आमच्याकडे ही भानगडच नाही. नागपुरात ‘समोर’ म्हणतात. समोरच्या महिन्यात, समोरच्या स्टॉपवर, समोर काय झालं. लिहा, ‘आवाज समोर घ्या.’

निमूट
समोर घेतला तर स्पीकर उचलून टीव्हीपुढे ठेवतील लोक.

तिरकिट
व्युत्पत्तीत खरी मजा ‘मागे’ची आहे. ते ‘मार्ग’वरून आलंय. प्राकृतात ‘मग्ग’, म्हणजे कोणाच्या तरी मागावर, म्हणून पाठीमागे. माग काढणे, मागोवा, सगळं त्याच घरातलं. आणि सिंकचं म्हणाल तर त्यातला ग्रीक ‘सिन’ म्हणजे आपला ‘सम्’च. तबल्यात आपण समेवर येतोच ना? मग ‘सम साधणे’ का नको? ‘चित्र-आवाजाची सम चुकली’, किती छान वाटतं!

बोरूबहाद्दर
‘सिन’ आणि ‘सम्’ ही जोडी कानाला गोड, पण तशी नाही. ‘सम’चा ग्रीक भाऊ ‘होमोस’ आणि इंग्रजीतला ‘सेम’. ‘सिन’चं मूळ अजून पक्कं लागलेलं नाही. शिवाय सम ही आवर्तनातली एक मात्रा आहे. इथे प्रत्येक क्षणी जुळायला हवं, आवर्तनातून एकदा नव्हे.

तिरकिट
म्हणजे शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनाच देशी शब्द नको. वा.

रीळवाला
तुमचं चालू द्या. ताई, फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो, की वाढत जातो? औषध त्यावर ठरेल.

तेवढाच असेल तर कापण्यात घोळ आहे. पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे व्हिडिओ नव्याने न बनवता कॉपी मोडने कापलं, की चित्र की-फ्रेमपासूनच, म्हणजे अख्खं चित्र असलेल्या फ्रेमपासूनच नीट सुरू होऊ शकतं. मधल्या फ्रेममध्ये अख्खं चित्र नसतं, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. एक्स२६४ या व्हिडिओ एन्कोड करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये दोन की-फ्रेममध्ये २५० फ्रेमचं अंतर पडू शकतं, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १० सेकंद. आवाजाला ती अडचण नाही. ४८ किलोहर्ट्झचा एएसी (आवाज साठवायची एक पद्धत) आवाज २१ मिलीसेकंदांच्या तुकड्यांत असतो, तो जवळजवळ सांगाल तिथे तुटतो. मग आवाज आपल्या जागी आणि चित्र भलत्या जागी. काही प्लेअर सांभाळून घेतात, काही नाही. २०० मिलीसेकंद इकडे-तिकडे करत बसण्यापेक्षा की-फ्रेम बघून कापा, नाहीतर तो तुकडा पुन्हा एन्कोड करा.

वाढत जात असेल तर व्हिडिओ बहुधा मोबाइलवर घेतलेला. मोबाइल फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो आणि काही एडिटर तो एकसारखाच धरून चालतात. आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम-रेट कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा करून घ्या आणि मगच कापा. तिथे पुढे-मागे कितीही सरकवलं तरी एका टोकाला जुळेल, दुसऱ्या टोकाला सुटेल.

अनुवादिनी
हे दोन प्रकार मार्गदर्शिकेत वेगळे केलेलेच नाहीत! दोन्हींना ‘तफावत’ म्हटलंय.

तिरकिट
मराठीला नवी संज्ञा लागतेच कशाला? ‘आवाज सरकलाय’ आणि ‘आवाज सरकत चाललाय’. क्रियापदानेच काम झालं.

बोरूबहाद्दर
प्रथमच सहमत. पण शीर्षकाला नाम लागतं. ‘स्थिर विसंगती’ आणि ‘वर्धमान विसंगती’.

निमूट
वर्धमान विसंगती ऐकून जैन मंदिरात गेल्यासारखं वाटलं.

रीळवाला
आणि एक. आवाज उशिरा आला तर माणूस बराच सोसतो, आधी आला तर नाही. प्रसारणाचा आंतरराष्ट्रीय दंडक बघा: आवाज ४५ मिलीसेकंद आधी आला की जाणवतो, उशिरा आला तर १२५ पर्यंत चालून जातं. लांब धुणं आपटणाऱ्या बाईचा आवाज आपल्याला जन्मभर उशिराच ऐकू आलाय, कानाला सवय आहे. म्हणून कुठली दिशा ते चुकवून चालत नाही.

निमूट
एक शंका. ‘सिंक गेलं’ की ‘सिंक गेला’?

रीळवाला
गेलं.

वऱ्हाडकर
आमच्या स्टुडिओत ‘सिंक गेली’ म्हणतात.

बोरूबहाद्दर
समक्रमण नपुंसकलिंगी. वादच नाही. सहज सांगून ठेवतो.

निमूट
आमच्या घरी भांडी घासायचा तो सिंक मात्र पुल्लिंगी. परवा तुंबला होता.

अनुवादिनी
लिंग ठरलं की कळवा. मसुदा उद्या द्यायचाय. तूर्त ‘पुढे’ काढून ‘आवाज २०० मिलीसेकंद लवकर वाजेल असा सरकवा’ लिहितेय.

बोरूबहाद्दर
व्याख्यान कधी ‘वाजतं’ का, ताई?