रोज थोडं थोडं कर्ज फेडणारा आमचा ग्रुप. आता बीसी करावी का? (लवकर सांगा)

टिफिनवाली
नमस्कार, इंदूरहून लिहितेय. आम्ही तिघी मैत्रिणी, तिघींवर कर्ज. व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. रोज रात्री दहापर्यंत जिने तिने आपापल्या कर्जात जमेल तेवढं भरायचं आणि स्क्रीनशॉट टाकायचा. दीड महिना छान चाललं. आता एक जण आठ दिवस गप्प आहे. दुसरी म्हणतेय, वेगवेगळं भरून काही दिसत नाही, तिघींचे रोजचे २०० एकत्र करू, महिन्याचे १८ हजार होतात, पाळीपाळीने एकेकीला देऊ. म्हणजे बीसीच (भिशी) झाली. मला उद्या सकाळी हो-नाही सांगायचंय. काय करू? "खर्च कमी करा" सांगू नका, ते करून झालंय.

कटकट्या
कर्ज कसलं? किती? व्याजदर काय? हप्त्याचं की कार्डाचं?

टिफिनवाली
कर्ज म्हणजे कर्ज, बँकेचं. दोन लाखांच्या आसपास. मी बीसीचं विचारतेय.

कटकट्या
ताई, "दुखतंय" एवढंच सांगून औषध मागताय. कुठे दुखतंय ते कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पेन्शनर
रोजची छोटी रक्कम ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. सिंडिकेट बँकेने १९२८ साली पिग्मी योजना काढली. एजंट घरोघरी जाऊन रोज दोन आणे गोळा करायचे. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. ताईंनी पिग्मी खातं उघडावं, शिस्त लागते.

हिशोबनीस
काका, पिग्मी बचतीसाठी. कार्डाचं कर्ज असेल तर वर्षाला ३६-४२ टक्के व्याज भरणाऱ्या माणसाने चार टक्क्यांवर बचत करायची म्हणजे टाकीला भोक आणि आपण लोट्याने पाणी भरतोय.

पेन्शनर
मी शिस्तीबद्दल बोलत होतो. असो.

भिशीप्रेमी
बीसी करा, डोळे झाकून करा. आमची बारा जणांची भिशी नऊ वर्षं चालू आहे, एक रुपया बुडाला नाही. मी त्यातूनच स्कूटरचं कर्ज एका फटक्यात संपवलं. रोज दोनशे भरून माणूस कंटाळतो. एकदम मोठी रक्कम गेली की कर्ज कमी झाल्यासारखं वाटतं तरी.

हिशोबनीस
"वाटतं" हाच शब्द बरोबर आहे. आणि तुमच्या बारा जणांत कर्जबाजारी किती होते? इथे तिघीही आहेत. पहिली पाळी घेतलेली दुसऱ्या महिन्यात अडली तर उरलेल्या दोघी कुणाकडे बघणार? मैत्रीही जाते.

भिशीप्रेमी
विश्वास नावाची काही गोष्ट असते.

कटकट्या
असते. त्यातली एक आठ दिवस गप्प आहे.

रामबागकर
ताई, मीही इंदूरचाच. टिफिन म्हणजे भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या पोरांचा का? तिकडे डायरीवाले फार फिरतात, म्हणजे उसने पैसे देऊन रोज थोडे थोडे वसूल करणारे आणि डायरीत सही करणारे सावकार. तुमच्या दोन लाखांत डायरी आहे का? रागावू नका.

टिफिनवाली
आहे. मुद्दाम नाही लिहिलं. घरी माहीत नाही.
आता सगळंच सांगते. क्रेडिट कार्ड ८०,००० (सासूबाईंचं ऑपरेशन, मग ग्राइंडर). आधी दर महिन्याला मिनिमम (बिलातली किमान रक्कम) ४,००० भरायचे, ग्रुप झाल्यापासून रोज २००. पर्सनल लोन १,२०,००० बाकी, ईएमआय वेळेवर जातो. डायरी २०,००० ची, हातात १८,०००, रोज २०० असे १०० दिवस. ६० झाले, ४० राहिले. एकही दिवस चुकवला नाही, तो सात वाजता स्कूटीवर येऊन उभाच राहतो.

मदतनीस२२
लक्षात ठेवा, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. घाबरू नका, तक्रार करा.

टिफिनवाली
मला कुणाचे फोन येत नाहीत हो. आणि डायरीवाल्याला मीच चहा देते.

रामबागकर
तो आदेश बँका आणि फायनान्स कंपन्यांसाठी. डायरीवाला खाजगी सावकार, त्याच्याकडे परवाना आहे का हाच आधी प्रश्न.

जास्त_व्याज_आधी
सोपं आहे. १८ हजार घेऊन शंभर दिवसांत २० हजार, म्हणजे वर्षाचा हिशोब ७५ टक्क्यांच्या वर जातो. सगळ्यात महाग कर्ज तेच. सगळं थांबवून डायरी आधी संपवा.

हिशोबनीस
थांबा थांबा. डायरीचं व्याज पहिल्या दिवशीच कापून घेतलंय. राहिलेले ८,००० आज दिले काय आणि चाळीस दिवसांत दिले काय, ८,००० च. तो सूट देत असेल तरच लवकर देण्यात अर्थ.
कार्डाचं उलट. तिथे व्याज रोजच्या बाकीवर चढतं. ८०,००० वर महिना साडेतीन टक्के धरा: २,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४. झाले ३,३०४. तुम्ही ४,००० भरत होतात तेव्हा मुद्दलातून ६९६ गेले. सहाशे शहाण्णव! आता रोज २०० म्हणजे महिन्याचे ६,०००, सगळी जास्तीची रक्कम मुद्दलात जातेय. महिनाअखेरीस एकदम भरण्याऐवजी रोज भरल्याने वर शंभर-सव्वाशे वाचतात ते वेगळे. ती रक्कम लहान आहे, पण संध्याकाळी हातात आलेले पैसे रात्री खर्च होत नाहीत, खरा फायदा तो.
पर्सनल लोनला रोज भरून काही उपयोग नाही. ईएमआय ठरलेल्या तारखेलाच कापला जाणार. मध्येच मुद्दल भरू देतात का आणि चार्ज किती, ते करारात बघा.
आता बीसी. तुमची पाळी तिसरी आली तर तुमचे २०० तीन महिने दुसरीकडे, कार्डाचं व्याज चालूच, आणि मिनिमम ४,००० वेगळे कुठून आणणार?

टिफिनवाली
मिनिममचं डोक्यातच आलं नव्हतं.

कटकट्या
कार्ड अजून वापरताय का?

टिफिनवाली
तेलाचे डबे आणि डाळ फक्त. पॉइंट मिळतात.

कटकट्या
फक्त! जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. घेतल्या दिवसापासून व्याज. ती डाळ साडेतीन टक्के महाग आहे, पॉइंटाचं सोडा.

बडोदेकर
सगळे पैशाचं बोलताय, त्या गप्प झालेलीचं कुणी विचारलं नाही. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारातल्या ऑफिसातल्या चौघींनी हेच केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एक जण गप्प. कारण एवढंच की बाकीच्या ५०० टाकत होत्या आणि तिच्याकडे ३० होते. मग नियम केला: आकडा झाकायचा. फक्त "भरले" किंवा "आज शून्य" लिहायचं. शून्य लिहिलं की दुसरीने रात्री फोन करायचा, कारण विचारायचं नाही, नुसत्या गप्पा. पैसे एकत्र कधीच केले नाहीत. दोघींचं फिटलं, एकीचं अजून चालू आहे, चौथीने नोकरी बदलली आणि ग्रुप सोडला.

भिशीप्रेमी
आमच्यात असं होत नाही, कारण भिशीच्या दिवशी सगळ्या जेवायला भेटतो.

उगाच_एक
इंदूरकर असून अजून कुणी पोह्यांवरच्या जीरावण मसाल्याचा विषय काढला नाही, आश्चर्य.

टिफिनवाली
(दुसऱ्या दिवशी) बीसीला नाही सांगितलं. बीसी सुचवणारी थोडी फुगलीय.
गप्प होती तिच्याकडे गेले होते. ती एक दिवस २० रुपये भरून स्क्रीनशॉट टाकून बसली होती आणि त्यावर कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकला होता. वर जाऊन बघितलं तर मीच. दिवसभर डबे भरता भरता टाकला असणार, आठवतही नाही. तिच्याकडे तासभर बसले. आजपासून आकडे झाकायचे.
आणि डायरीवाला काल म्हणाला, "दीदी, टाइम पे देती हो, नई डायरी बना दूँ? पच्चीस की." मी काही बोलले नाही.

हिशोबनीस
बोला. नाही म्हणा. चाळीस दिवसांनी तेच २०० कार्डाकडे वळवा, म्हणजे रोज ४००. तुम्ही रोज देऊ शकता हे त्या डायरीच्या साठ सह्यांनी सिद्ध केलंय.
एक खाचखळगा: बिल निघाल्यापासून शेवटच्या तारखेपर्यंत जे भराल तेच त्या बिलाच्या मिनिममात धरतात. बिल कधी निघतं?

टिफिनवाली
५ ला निघतं, २५ शेवटची. म्हणजे २० दिवस, २०० प्रमाणे बरोबर ४,०००. पण रविवारी मेस बंद, त्या दिवशी हातात काही येत नाही. आत्तापर्यंत रविवारचे सोमवारी भरत होते.

हिशोबनीस
वीस दिवसांत दोन-तीन रविवार येणार, आणि २५ तारीखच रविवारी आली तर सोमवार उशिराचा. सोमवारी नको, शनिवारीच ४०० भरा. पैसे जमा व्हायला कधी एक-दोन दिवस लागतात, म्हणून २३ ला एकूण बेरीज बघा.

पेन्शनर
म्हणजे आगाऊ भरणा. शिस्त ती हीच.

उगाच_एक
विषय निघालाच आहे तर, माझा पुतण्या जूनमध्ये भंवरकुआँला कोचिंगला येतोय. दोन वेळचा डबा मिळेल का? दोन महिन्यांचा ॲडव्हान्स देतो.

टिफिनवाली
मिळेल. रविवारी बंद. ॲडव्हान्स नको दादा, रोजचे रोज यूपीआय केलं तरी चालेल.