मदत हवी आहे : माण तालुक्यातल्या गावचे मोडी कागद, वीरगळ आणि वाडा पाडायची घाई

मंडळी, नमस्कार.

गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडे. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे कळेलच. आमच्या भावकीतला माळवदाचा जुना वाडा दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय. सामान हलवताना बळदात, म्हणजे धान्याच्या जुन्या कोठीत, लाल फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे निघाले. पाटीलकीचे असणार, कारण एकदोन ठिकाणी वर शिक्का आहे आणि चुलते तसंच सांगतात. वाळवी लागलेली नाही, पण कसर भरपूर आहे. काही कागद घडीवर तुटलेत.

चुलते कागद बघू देतात, फोटो काढू देत नाहीत. एकदा फोटो बाहेर गेला की कुणीतरी वाटणीचा दावा लावणार, ही त्यांची भीती. ती अगदीच खुळी आहे असं मी म्हणणार नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून आमच्याकडे जुना कागद म्हटलं की लोकांचे कान टवकारतात, आणि मोडी वाचणाऱ्यांनी पानामागे दर लावलेत. गावात मोडी येणारं आता कुणी उरलं नाही.

दुसरी गोष्ट मारुतीच्या देवळामागची. तिथे पाच-सहा वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, पडून आहेत. एकाला शेंदूर फासून म्हसोबा केलाय, एकाला कुणीतरी ऑइलपेंट दिलाय. जीर्णोद्धार कमिटीच्या मनात आहे की बाकीचे नव्या ओट्याच्या भिंतीत सिमेंटनं बसवावेत, म्हणजे 'हलणार नाहीत'.

तिसरी, यात्रेला गावच्या इतिहासाची स्मरणिका काढायची आहे आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. सरपंचांचा आग्रह असा की शिवाजी महाराज आपल्या गावात मुक्कामाला होते हे पहिल्या पानावर यावं. पुरावा विचारला तर म्हणाले, तो तू शोध. १८८५ चं सातारा गॅझेटियर चाळलं, त्यात आमच्या गावाला धड दोन ओळीही नाहीत.

तर कागदांचं आधी काय करू? लॅमिनेशन करावं का? गावातला झेरॉक्सवाला स्वस्तात करून देतो म्हणतोय. कागदांवरचे सन कसे वाचायचे? वीरगळांबद्दल कमिटीला काय सांगू? आणि भावकीला न दुखवता हे कसं जमवायचं?

रुमालवाले काका :

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेनं कागद प्लास्टिकला कायमचा चिकटतो, पुढे कुणालाही सोडवता येत नाही. सेलोटेपही नको. ओल्या फडक्यानं पुसू नका, शाई काजळाची असते, पाणी लागलं की फराटा उठतो. उन्हातही टाकू नका. सावलीत, पंखा बंद ठेवून, मऊ ब्रशनं धूळ आणि कसर झाडा. खळ धुऊन काढलेल्या मांजरपाटात बांधा, सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवा.

आणि गठ्ठे सोडून एकत्र करू नका! नवखी माणसं पहिली चूक हीच करतात. जो कागद ज्याच्याशेजारी बांधलाय त्याला अर्थ असतो, एकाच तंट्याचे कागद एकत्र सापडतात. प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी लावा, आतल्या कागदांना त्याच क्रमानं नंबर द्या. नंबर चिठ्ठीवर, कागदावर नव्हे.

फोटोंचं चुलत्यांना असं सांगा : १८५२ नंतर इंग्रजांच्या इनाम कमिशननं वतनदारांकडून कागद मागवून तपासले होते. तुमच्या घराण्याची कैफियत (वतनाची लेखी हकिगत) किंवा कागदांच्या नकला पुण्याच्या पेशवे दप्तरात असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे तुम्ही लपवलंत तरी सरकारदरबारी ते गुपित नाहीच. शिवाय पाटीलकीचं वतन १ जानेवारी १९६३ ला कायद्यानं संपलं, ताज्या मालकीचा वाद फेरफार आणि सातबाऱ्यावर चालतो. जमिनीचा दाखला असलेले कागद बाजूला काढा, ते फोटोतूनही वगळा. उरलेल्यांना बहुधा ते हो म्हणतील.

सनाची ओळ इथे टाका, बघतो.

शंकासुर :

काका, एवढं करण्यापेक्षा मूळ कागद पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात देऊन टाकावेत. १९१० पासून ते हेच काम करतायत. गावात ठेवले तर पुढच्या पिढीत बंबात जाणार.

रुमालवाले काका :

मंडळाबद्दल आदरच आहे. पण आधी फोटो आणि यादी, मग देणं न देणं. आज 'देऊन टाका' म्हणालात तर चुलते बळदाला कुलूप घालतील.

आटपाडीकर :

दादा, मी तुमच्या शेजारचाच. एक सांगू का, पाटलाच्या घरचे कागद म्हणजे पाटलाच्या घरचा इतिहास, गावाचा नव्हे. त्यात महजर, म्हणजे गावसभेपुढे झालेला निवाडा, सापडतो का ते आधी बघा. महजराला गाव गोळा होतं आणि खाली सहीऐवजी निशाण्या असतात, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, बाईची बांगडी. बाकी कागदांत बलुतेदारांचं नाव आलं तर देण्याघेण्यापुरतं येतं, इथे ते साक्षीदार म्हणून उभे असतात. स्मरणिकेत असं एक पान छापलं तर महाराजांच्या मुक्कामापेक्षा भारी होईल.

तहसीलमध्ये गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक मागा, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. शाळेचं जनरल रजिस्टर बघा. जुने फेरफार 'आपले अभिलेख'वर आलेत का तेही पाहा.

आणि बहात्तरच्या दुष्काळावर म्हातारी माणसं बोलती करा. आमच्या आजीला सन आठवत नाही, पण खडी फोडायला कुठल्या रस्त्यावर गेली, मुकादम कुठल्या गावचा, सुकडी कुणी वाटली, मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी कशी तुटायची, सगळं आठवतं. हे कुठल्याच दप्तरात नाही. राजेवाडीच्या तलावाचं काम १८७६ च्या दुष्काळात निघालं, त्यावर आपल्याकडचे किती पणजे राबले असतील! त्यातल्या एकाचंही नाव मला कुठे मिळालेलं नाही. बहात्तरची तरी नावं लिहून घ्या, आणि फक्त वाड्यातल्यांची नको, महारवाड्यात, धनगरवस्तीवर जाऊन घ्या. फोन टेबलावर ठेवून रेकॉर्ड करा, पण विचारून. धनगरांच्या ओव्यांचं मोल ओळखून गुंथर सोन्थायमर जर्मनीहून येऊन त्या ध्वनिमुद्रित करून गेले, आपल्याला वस्तीवर जायला काय झालं?

शंकासुर :

हे पटलं. वीरगळांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी सांगतो. भिंतीत बसवले तर मागची आणि बाजूची नक्षी कायमची गेली, सिमेंटातले क्षार दगडात उतरून पापुद्रे निघतात ते वेगळंच. देवळाशेजारी मातीत थोडे पुरून उभे करा, वर पत्र्याची शेड. कमिटीला दगड समजावून सांगा : खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, वर तो शिवलिंगापुढे बसलेला, सगळ्यात वर चंद्रसूर्य. खाली गाई कोरल्या असतील तर तो गुरं राखताना मेला. हे एकदा दाखवलं की पोरंच राखण करतात. ऑइलपेंट घरच्या थिनरनं काढू नका, पुरातत्त्व खात्याला अर्ज करा. म्हसोबाला मात्र हात लावू नका, भांडणं होतील.

धागाकर्ता :

सगळ्यांचे आभार. चुलत्यांना इनाम कमिशनचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, 'मग पुण्यात जाऊन बघून ये, आहे का खरंच.' तोवर एका कागदाची वरची ओळ लिहून घ्यायची परवानगी मिळाली. मुळाक्षरांचा तक्ता समोर ठेवून लावलंय, चुकलं असेल : 'सन इसन्ने सबैन मया व अलफ'.

रुमालवाले काका :

बरोबर लावलंय. हा सुहूर सन, आकडे अरबी आणि एकंपासून उलटे. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११७२. मृग नक्षत्रापासून (जूनच्या सुरुवातीपासून) डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे तुमचा कागद १७७१-७२ चा, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या अखेरच्या काळातला. ओळीत पुढे 'छ' असेल, म्हणजे चंद्र, त्यापुढे तारखेचा आकडा आणि अरबी महिना. तो दिला तर तारीखही काढून देतो.

सरपंचांना सांगा, मुक्काम नाही सापडला, पण अडीचशे वर्षांचा कागद सापडलाय. आणि खाली नांगर दिसतो का, तेवढं बघून कळवा.

धागाकर्ता :

नांगर आहे काका. त्याच्याखाली अजून चार-पाच निशाण्या आहेत, एक गोल आहे, बांगडी की चाक ते कळत नाही. फोटोला चुलते अजून नाही म्हणतायत. पेन्सिलीनं वहीत काढून घेतलं तर चालेल का, की तेही त्यांना आधी विचारू?