निफ्टी फ्युचर, पाच मिनिटांचा चार्ट: उपयोग आहे की नुसता खर्च?

शटरवाला (नाशिक):
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं होतं, आज इलेक्ट्रिक सामानाचं दुकान बंद म्हणून निवांत बसलोय. विषय एकच, निफ्टी फ्युचरचा (निफ्टी निर्देशांकाच्या पुढच्या तारखेच्या सौद्याचा) एक लॉट, म्हणजे ठरलेला गठ्ठा, पाच मिनिटांचा चार्ट, त्याच दिवशी आत आणि त्याच दिवशी बाहेर. भांडवल चार लाख बाजूला काढलंय, त्यापलीकडे घरातला रुपया लावत नाही. माझं ठाम मत आहे की या कामात टेक्निकल, म्हणजे चार्ट बघून सौदा करणं, चालतं, फक्त लोक वापरतात तसं नाही. सुरुवातीला माझ्या स्क्रीनवर आरएसआय, मॅकडी, सुपरट्रेंड, बोलिंजर बँड आणि तीन मूव्हिंग ॲव्हरेज, एवढी सगळी इंडिकेटर होती, त्यात कँडल (पाच मिनिटांतला भाव दाखवणारी पट्टी) शोधावी लागायची. नंतर डोक्यात प्रकाश पडला की हे सगळे एकाच भावातून काढलेले आकडे आहेत, म्हणजे एकाच साक्षीदाराला पाच वेळा विचारायचं आणि पाच जण हो म्हणाले असं धरायचं.

आता तीनच गोष्टी बघतो. कालचा हाय-लो, सव्वानऊ ते साडेनऊची रेंज आणि व्हीवॅप. व्हीवॅप म्हणजे सकाळपासून जेवढा माल फिरला त्याचा सरासरी भाव, आणि तो फ्युचरच्याच चार्टवर लावायचा, कारण निफ्टी स्पॉट, म्हणजे खुद्द निर्देशांक, हा नुसता काढलेला आकडा आहे, त्याची स्वतःची खरेदी-विक्री होत नाही.

परवाचंच सांगतो. पहिल्या पंधरा मिनिटांची रेंज ५२ पॉइंटची, व्हीवॅप खाली झुकलेला. रेंजचा लो तुटला तेव्हा हात शिवशिवत होते पण घुसलो नाही, कँडल बंद होऊ दिली. दोन कँडलनंतर भाव परत व्हीवॅपपर्यंत आला, तिथे वर शेपटी सोडून लाल बंद झाला, तेव्हा विकलं, भाव पडला की परत घ्यायच्या बेताने. एसएल (स्टॉप लॉस, तोटा थांबवायची ऑर्डर) शेपटीच्या चार पॉइंट वर, एकूण जोखीम २३ पॉइंट. १०:४० ला भाव कालच्या लोला टेकला, ४६ पॉइंट घेऊन बाहेर.

४ जून २०२४ आठवा, लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलवर निफ्टी २३,२६४ ला बंद, निकालाच्या दिवशी बंद २१,८८४. 'भाव व्हीवॅपखाली असताना लाँग (खरेदीचा सौदा) करायचं नाही' एवढा एकच नियम ज्याने पाळला त्याचं घर वाचलं. बोला, तुमचं काय मत?

हिशेबनीस:
शटरवाले साहेब, मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, पण मथळा सोडला तर सगळ्या लिखाणात खर्च हा शब्द एकदाही आला नाही. मी तीस वर्षं लेखापालाचं काम केलं म्हणून माझी नजर तिथेच जाते.

निफ्टी २५,०००, २०२५ चे दर आणि तेव्हाचा ७५ चा लॉट धरा. १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्युचर विकताना एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला. म्हणजे पॉइंटमध्ये बरोबर ५, लॉट कितीचाही असो. एक्सचेंजचा चार्ज दोन्ही बाजूंचा मिळून पाऊण-एक पॉइंट, खरेदीवर स्टँप ड्युटी अर्धा पॉइंट, ब्रोकरेज दोन्हीकडचे वीस-वीस रुपये म्हणजे ७५ च्या लॉटला अर्धा पॉइंट, वर जीएसटी. झाले सात पॉइंट. त्यात एसएल मार्केट ऑर्डरने सुटतो तेव्हा दोन-चार पॉइंट घसरतात ते वेगळेच. प्रत्येक सौद्यात साधारण दहा पॉइंट देऊन तुम्ही दारात पाऊल टाकताय. तुमची जोखीम २३ ची नाही, ३३ ची आहे, आणि फायदा ४६ चा नाही, ३६ चा. दोनास एक वाटणारा सौदा एकास एकवर आला की नाही?

सेबीचा (शेअर बाजाराची नियामक संस्था) सप्टेंबर २०२४ चा अभ्यासही वाचा. तीन आर्थिक वर्षांत एफअँडओ (फ्युचर आणि ऑप्शन) करणाऱ्या एक कोटीपेक्षा जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. चार्ट तर त्या सगळ्यांकडेच होता ना.

कृष्णाकाठ (सांगली):
हिशेबनीस काका, खर्चाचं पटलं, पण ९३ टक्के इथे लागू होत नाहीत. त्यातली बहुतेक मंडळी ऑप्शन (ठरलेल्या भावाने सौदा करायचा मुदतीचा हक्क) विकत घेणारी, वीस रुपयाचा कॉल (भाव चढेल यावरचा ऑप्शन) घ्यायचा आणि शून्य होईस्तोवर बघत बसायचं. फ्युचरवाल्याला वेळेची झीज त्या पद्धतीने लागत नाही आणि लॉटला दोन-अडीच लाख मार्जिन (अनामत) लागतं म्हणून शेंबडं पोरगं उठून येत नाही.

मी पण ओपनिंग रेंजवर काम करतो, शटरवाले भाऊंच्या नियमांत माझी भर एवढीच की दिवस कुठला हे आधी ओळखा. गॅप अप (कालच्या बंदच्या वर) उघडून पहिल्या अर्ध्या तासात व्हीवॅपला तीनदा इकडून तिकडे ओलांडलं की तो दिवस साइडवेज (दिशाहीन), त्या दिवशी सुपरट्रेंड तुम्हाला दर अर्ध्या तासाला बाय-सेल दाखवणार आणि दर वेळी कापणार. १ सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी (सौद्यांची मुदत संपायचा दिवस) मंगळवारी आली, मी मंगळवारी दुपारी फ्युचरला हात लावत नाही, एकाच स्ट्राइकभोवती (ऑप्शनच्या ठरलेल्या भावाभोवती) भाव घुटमळत राहतो आणि मग तीन वाजता कुठेही पळतो.

हिशेबनीस:
कृष्णाकाठ, तुम्हाला फ्युचरचाच पुरावा हवा ना, आहे. ब्राझीलमध्ये तिथल्या निर्देशांकाच्या फ्युचरमध्ये २०१३ ते २०१५ मध्ये डे ट्रेडिंग सुरू केलेल्या सगळ्यांचा अभ्यास झालाय, एकूण १९,६४६ माणसं. त्यातली ३०० पेक्षा जास्त दिवस टिकली ती १,५५१. ही काही उतावळी मंडळी नव्हेत, वर्षभराहून जास्त चिकाटीने बसलेली. त्यातली ९७ टक्के तोट्यात. तिथल्या किमान वेतनापेक्षा जास्त कमाई कितींची? १.१ टक्का. आणि महत्त्वाचं म्हणजे जास्त दिवस बसून माणसं शिकली, सुधारली, असंही त्यांना दिसलं नाही.

मधली जाऊ:
मला तुमचं व्हीवॅप वगैरे फारसं समजत नाही, पण हा धागा बघून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझे धाकटे दीर हेच करायचे, अगदी हेच, सकाळी देवपूजा झाली की लॅपटॉप. सुरुवातीचे चार महिने रोज संध्याकाळी 'वहिनी, आज आठ हजार' असं सांगायचे. नंतर सांगणं बंद झालं. नणंदेच्या मुलाच्या मुंजीत जेवणाच्या पंगतीत ताटासमोर बसून मांडीवर फोन, वाढणारा श्रीखंड घेऊन उभा आणि ह्यांचं लक्षच नाही, चेहरा पांढराफटक. जाऊबाईंच्या पाटल्या गहाण होत्या हे आम्हाला त्याच्या पुढच्या महिन्यात कळलं. तुम्ही सगळे आकड्यांत बोलताय, बोला, पण माझा एकच प्रश्न आहे, रोजची बेरीज घरात कुणाला तरी दाखवता का?

शटरवाला:
ताई, वाचून पोटात कालवलं. हो, दाखवतो. डायरी बायकोच्या कपाटात असते आणि दर शनिवारी ती बघते, ही अट तिचीच आहे. चार लाखाच्या वर एक रुपया नाही, हीसुद्धा.

काका, ब्राझीलचं वाचून जरा हललो, खोटं कशाला बोलू. पण ३ टक्के तर उरलेच ना? मी फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२५ ची डायरी पॉइंटमध्ये काढून टाकतो, दोन दिवस द्या.

कोडकर (पुणे):
तोवर माझं मत देतो. मी प्रोग्रॅमिंगवाला आहे, नऊ आणि वीसच्या ईएमए (सरासरी भावाच्या रेषा) क्रॉसओव्हरपासून ओपनिंग रेंजपर्यंत सगळं मागच्या डेटावर चालवून बघितलंय. खर्च शून्य धरला की आलेख छान वर जातो, सात पॉइंट घातले की आडवा, दहा घातले की खाली. काका म्हणतात ते शब्दशः खरं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे समोर कोण बसलंय ते बघा. सेबीच्या त्याच अभ्यासात २०२३-२४ मध्ये प्रॉप डेस्कनी (स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या कंपन्यांनी) ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी २८,००० कोटी कमावले, खर्च वजा करायच्या आधी, आणि त्यातले ९६-९७ टक्के अल्गोतून, म्हणजे संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून. ३ जुलै २०२५ चा जेन स्ट्रीट या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीवरचा सेबीचा अंतरिम आदेश वाचा. आरोप असा की सकाळी बँक निफ्टीतले शेअर आणि फ्युचर आक्रमकपणे घेऊन निर्देशांक उचलायचा, त्याच वेळी ऑप्शनमध्ये उलटी आणि कितीतरी मोठी पोझिशन बांधायची, मग पुढे दिवसभरात माल सोडायचा. कंपनीने आरोप नाकारलेत, निकाल लागेल तेव्हा लागेल. पण आरोप खरा धरला तर आदेशात उदाहरण म्हणून आलेल्या १७ जानेवारी २०२४ च्या सकाळी चार्टवर ज्याला ताकद दिसली, त्याने कुणीतरी मुद्दाम काढलेलं चित्र वाचलं.

कृष्णाकाठ:
कोडकर, मग व्हीवॅप तर उलट जास्त महत्त्वाचा झाला. मोठे डेस्क आपला माल व्हीवॅपच्या भावाने घेतला का महाग घेतला हे रोज मोजतात, त्यांच्या ऑर्डरी तिथे असतातच. आरएसआयबद्दल मी असं म्हणणार नाही. आणि संगणकावर टेस्ट करताना 'आज बसायचंच नाही' हा नियम कसा घालणार? माझ्या वीस दिवसांतले सात-आठ दिवस तर मी एकही सौदा करत नाही.

कोडकर:
तो नियमही घालता येतो, फक्त तो आधी शब्दात लिहावा लागतो. 'बघितल्यावर कळतं' असं असेल तर तो नियम नाही.

शटरवाला:
डायरी काढली. रात्री अडीचपर्यंत बसलो होतो, बायकोने बेरजा तपासल्या.

एकूण सौदे १८६. खर्च न धरता २,१२० पॉइंट, म्हणजे सौद्याला ११.४. काकांचे दहा वजा केले की उरले १.४. गुणिले १८६ गुणिले ७५, साधारण साडेएकोणीस हजार रुपये. दहा महिन्यांचे.

पण वेळेप्रमाणे वेगळं काढलं तर ११:३० च्या आधीचे ११२ सौदे, २,१२८ पॉइंट. त्यानंतरचे ७४ सौदे, उणे ८. म्हणजे दुपारच्या सौद्यांत काही कमावलं नाहीच, वर ७४० पॉइंट नुसता खर्च भरला. कारण मला माहितीये. साडेअकराला इलेक्ट्रिशियन लोक यायला लागतात, एक जण बत्तीस अँपिअरची एमसीबी मागतोय, दुसरा वायरच्या बंडलचा भाव विचारतोय आणि मी काउंटरखाली फोनवर एसएल सरकवतोय. दोन वेळा एमसीबी चुकीची दिली आणि एसएल पण चुकीचा ठेवला.

हिशेबनीस:
साहेब, खरी डायरी मांडायला धाडस लागतं, त्याबद्दल नमस्कार. आता कडू बोलतो. चार लाखाची एफडी साडेसहा टक्क्यांनी केली असती तर दहा महिन्यांचे साडेएकवीस हजार आले असते, तुमच्या साडेएकोणीसपेक्षा जास्त, आणि एमसीबीही बरोबर दिल्या असत्या.

साडेअकराचा नियम तुम्ही निकाल बघून मग काढलात. मागे वळून बघितलं की कुठली ना कुठली वेळ चांगली निघतेच. ११२ सौद्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

कोडकर:
सहमत, पण इथे एक फरक आहे. निकालाशी संबंध नसलेलं कारण त्यांच्याकडे आहे, दुकानात गिऱ्हाईक येतं. ते कारण पुढच्या वर्षीही तसंच राहणार. त्यामुळे नियम आज लिहून पुढे तपासता येईल.

शटरवाला:
लिहिला. ११:३० ला पोझिशन असो नसो, सगळं बंद, फोन घरी बायकोच्या हातात. दिवसाला एकच सौदा. दर महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी एक्स्पायरीनंतर डायरीच्या पानाचा फोटो इथेच टाकतो, सहा महिने. सौद्यामागे खर्च जाऊन पाच पॉइंट नाही सुटले तर चार लाख एफडीत टाकणार, काका, तुम्ही सांगाल त्या बँकेत.

मधली जाऊ:
पहिल्या फोटोवर वहिनींची सही पण असू द्या.

हिशेबनीस:
आणि स्लिपेज (ऑर्डर सुटताना घसरलेले पॉइंट) वेगळ्या रकान्यात लिहा, खर्चात मिसळू नका.