आईला मोठ्याने वाचून दाखवायला मराठी पुस्तकं सुचवा (तुम्हाला हल्ली काय आवडलं तेही सांगा)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. माझ्या आईला आता बारीक टाइप दिसत नाही, भिंग लावून कशीबशी दोन पानं होतात आणि डोळ्यांतून पाणी यायला लागतं. आयुष्यभर सावानाचं (म्हणजे आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं) पुस्तक उशाशी ठेवून झोपणारी बाई, तिला नुसत्या मालिका बघत बस म्हणणं मला पटेना. म्हणून रात्रीची जेवणं आटपली की मी वाचते आणि ती ऐकते, असं बरेच महिने चाललंय. एक गोष्ट लक्षात आली, मनातल्या मनात वाचताना जे भारी वाटतं ते मोठ्याने वाचताना भारी वाटेलच असं नाही, आणि उलटही होतं.

सगळ्यात जास्त रंगलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. मी कॉलेजात वाचलं होतं पण आवाजात ऐकण्यात वेगळीच मजा आहे, ती बाई समोर बसून बोलतेय असंच वाटतं. वडिलांचं सोवळ्याचं वेड, मग कवी ना. वा. टिळकांसारखा कधी कुठे निघून जाईल याचा नेम नसलेला नवरा, 1895 मध्ये त्यांचं ख्रिस्ती होणं, ती काही वर्षं वेगळी राहते तो काळ, सगळं अंगावर येणारं आहे पण सांगणारीचा सूर कुठेही रडका होत नाही. जातपात माणसाने केलेली आहे हे तिचं तिला उमगतं आणि इथून पुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं ती ठरवते, तो भाग वाचला तेव्हा आई म्हणाली थांब जरा. मग तिने तिच्या आजीच्या सोवळ्याचं सांगायला सुरुवात केली, ते मला आजपर्यंत माहीतच नव्हतं. त्या रात्री पुस्तक पुढे गेलंच नाही.

त्यानंतर घेतलं विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, डोक्यावर कर्ज, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर उत्तरेत निघतो आणि नेमका 1857 च्या बंडात सापडतो. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा हा माणूस आत शहरात होता! पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्याला राणी भेटते, पठाणी वेषात, धुळीने माखलेली, तहानलेली. हा पाणी काढून द्यायला पुढे होतो तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका, मीच काढते. हे वाचताना माझाच आवाज दाटून आला. भाषा जुनी आहे, सुरुवातीला अडखळायला होतं, पण कान सरावला की काही वाटत नाही.

तर आता पुढे काय घेऊ? आईची एकच अट आहे, रडकं चालेल पण रटाळ नको. प्रकरणं छोटी असली तर उत्तम.

मिरजवाला:
ताई, 'बनगरवाडी' घ्या, डोळे झाकून घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची वाक्यं इतकी छोटी आणि स्वच्छ आहेत की वाचणाऱ्याला दम लागत नाही. पोरसवदा मास्तर पहाटेच्या अंधारात चालत वाडीवर निघतो तिथून जे सुरू होतं ते शेवटच्या दुष्काळापर्यंत खाली ठेववत नाही. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, एकेक माणूस दोन-चार वाक्यांत उभा. तालीम बांधायची म्हणून सगळी वाडी राबते आणि उद्घाटनाला औंधाचे राजे येतात तो भाग मी वडिलांना वाचून दाखवला होता, आमचं गाव माणदेशाच्या कडेलाच त्यामुळे ते मध्ये मध्ये शब्द दुरुस्त करायचे, असं नाही रे म्हणायचं, असं म्हण. पुस्तक पण छोटं आहे, आठवड्या-दोन आठवड्यांत होईल.

दुसरं म्हणजे कथा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि स्वतः माडगूळकर हे तिघं गावोगाव कथाकथन करायचे हे तुमच्या आईंना माहीत असेलच, कदाचित त्यांनी ऐकलंही असेल. त्यांच्या कथांची घडणच सांगण्याची आहे. 'धिंड' वाचा, 'व्यंकूची शिकवणी' वाचा, 'भुताचा जन्म' वाचा. एका बैठकीत एक कथा संपते, उद्या कुठे होतो ते शोधायला नको.

ठाणेकर_वाचक:
स्टोरीटेलवर बरीच मराठी पुस्तकं आहेत की, चांगले कलाकार वाचतात. आईंना मोबाईल आणि छोटा स्पीकर लावून दिलात तर दुपारीही ऐकता येईल, तुमच्यावर अवलंबून राहायला नको.

गोदाकाठ:
@ठाणेकर_वाचक, दुपारसाठी लावून दिलंय आणि ती ऐकते पण. रात्रीचं मात्र वेगळं आहे, तिला मध्येच थांबवून बोलायचं असतं. त्यासाठीच मला पुस्तकं हवी आहेत.
@मिरजवाला, बनगरवाडी आणलंच समजा. मिरासदारांचं नाव काढल्यावर आई हसायलाच लागली.

रानजाई:
मी जरा वेगळं सुचवते. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. चैत्रापासून एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख आहे, तर ते सलग वाचूच नका, ज्या महिन्यात आहोत तो लेख त्या महिन्यात वाचायचा. आमच्याकडे असं वर्षभर केलं. वाक्यं लांब आहेत, शब्द निवडक आहेत, एकदम वीस पानं वाचलीत तर ऐकणाऱ्याला झोप येईल हे कबूल, पण तीन-चार पानं वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून समोरचं झाड बघायचं, पानगळ चालू आहे की पालवी फुटलीय ते बघायचं, ह्यात फार आनंद आहे. ज्यांचं बाहेर जाणं कमी झालंय त्यांच्यासाठी तर नक्कीच. आंब्याचा मोहर, पिंपळाची कोवळी तांबूस पानं, हे आपण रोज बघतो असं वाटतं पण दुर्गाबाईंनी सांगितल्यावर पहिल्यांदा दिसतं.

मला स्वतःला हल्ली सगळ्यात आवडलेलं म्हणजे कृष्णात खोत यांची 'रिंगाण', 2023 चा साहित्य अकादमी मिळालेली. धरणामुळे उठलेलं गाव, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला परत गेलेला माणूस. जबरदस्त आहे, पण ही एकट्याने शांतपणे वाचायची, मोठ्याने वाचायला कठीण जाईल असं माझं मत.

मिरजवाला:
रानजाई, रिंगाणबद्दल असहमत. ती बोली कानावर पडली तरच खरी कळते. आमच्या भागातल्या माणसाने वाचायला हवी एवढंच.

रानजाई:
@मिरजवाला, मान्य, तुम्ही वाचून रेकॉर्ड करा, मी पहिली ऐकेन :)

सह्यवाट:
कुणी अजून 'श्यामची आई' म्हटलं कसं नाही? शाळेत धडा होता म्हणून आपण बाजूला ठेवतो. पण मोठ्याने वाचायला याच्याइतकं योग्य पुस्तक मराठीत सापडणं अवघड, कारण त्याची रचनाच तशी आहे, आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशा 42 रात्री. प्रकरणाला रात्रच म्हटलंय. साने गुरुजींनी हे 1933 मध्ये तुमच्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, अवघ्या पाच दिवसांत. लहानपणी आपण श्यामच्या जागी असतो, आता वाचताना मला आईचं वय दिसलं, कर्ज दिसलं, घर सोडावं लागणं दिसलं. फार वेगळं पुस्तक वाटलं.

सलग सगळं वाचू नका हेही सांगतो, काही रात्री खूप जड आहेत. मध्ये एखादी मिरासदारांची कथा टाका.

कडेवरचं_घर:
पुलं?? 'व्यक्ती आणि वल्ली'?

ठाणेकर_वाचक:
पुलंचं मोठ्याने वाचायला जरा धीर लागतो, अंतू बर्वा म्हटलं की सगळ्यांच्या कानात पुलंचाच आवाज असतो, आपण वाचलं की ऐकणारा मनातल्या मनात त्यांच्याशी तुलना करणार. पण जी व्यक्तिचित्रं कॅसेटवर फारशी ऐकली गेली नाहीत ती वाचा, तिथे अडचण येत नाही.

आबोलीचा_गजरा:
मी सहसा नुसती वाचते, लिहीत नाही, पण हा विषय जवळचा आहे म्हणून. माझी आजी शाळेत गेलेली नाही, सगळं आयुष्य रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात गेलं. तिला मी उर्मिला पवारांचं 'आयदान' वाचून दाखवलं. सुरुवातीलाच बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढून-उतरून रत्नागिरीच्या बाजाराला चालत जातात, तिथे आजी उठून बसली. कुठली वाट, कुठला चढ, कुठे बसून पायातला काटा काढायचा, ती मला सांगत होती. लेखिकेची आई बांबूची सुपं-टोपल्या विणायची, ती विणकाम करते त्या जागा मी आजीला परत परत वाचून दाखवल्या कारण तिला हाताची ती हालचाल माहीत होती, बेळ (बांबूची पातळ पट्टी) कशी काढतात ते तिने हवेत बोटं फिरवून दाखवलं. आजी म्हणाली हे कुणीतरी लिहिलंय होय. त्या दिवसापासून पुस्तक म्हणजे शहाण्या लोकांचं काहीतरी हे तिच्या डोक्यातून गेलं, आता स्वतःहून विचारते, आज काय वाचायचं.

तर ताई माझा सल्ला असा की नाव मोठं आहे म्हणून घेऊ नका, आईंचं गाव कुठलं, लहानपण कसं गेलं ते बघून निवडा. देशावरचं, शेतीतलं असेल तर आनंद यादवांचं 'झोंबी', शिकायला मिळावं म्हणून कागलचं पोर बापाशी झगडतं ते. मुंबईशी संबंध असेल तर दया पवारांचं 'बलुतं', त्यातली मुंबईतली कावाखान्याची वस्ती आणि गाव दोन्ही ऐकण्यासारखं आहे, काही ठिकाणी फार कठोर आहे पण ते गाळून वाचू नका, आपली आई हे ऐकू शकेल का असं आपल्यालाच वाटत असतं, त्यांनी आपल्यापेक्षा जास्त पाहिलेलं असतं.

गोदाकाठ:
@आबोलीचा_गजरा, हे फार आवडलं, आणि लिहीत जा हो. आईचं माहेर सिन्नरकडचं, कोरडवाहू शेती, भावंडं पाच, शाळा सातवीपर्यंत आणि पुढचं सगळं वाचनालयातून. म्हणजे झोंबी तिला लागू पडेल असं वाटतंय. कठोर भाग गाळत नाही, नक्की. स्मृतिचित्रे वाचताना मी एक उतारा चाचरत वाचला तर तिनेच मला नीट वाच म्हणून सांगितलं होतं.
@सह्यवाट, तुरुंगाचं तिला सांगितलं तर म्हणाली मला माहितेय, तू वाच.

सह्यवाट:
मस्त! अजून एक, मोठा पल्ला हवा असेल तर श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत'. दोन जाडजूड खंड, कोकणातल्या जगबुडी नदीच्या काठावरचं एक घराणं पिढ्यानपिढ्या. पात्रं खूप आहेत, ऐकणाऱ्याला नाती लक्षात राहावीत म्हणून मी एका कागदावर वंशावळ मोठ्या अक्षरात काढून भिंतीला लावली होती, तेवढं केलंत की काही अडचण नाही. हे पावसाळ्यात सुरू करा.

मिरजवाला:
वाचताना पाणी जवळ ठेवा आणि अर्ध्या तासावर आवाज ताणू नका. संवाद आला की जरा सावकाश, कोण बोलतंय ते ऐकणाऱ्याला दिसत नसतं. बाकी आधी बनगरवाडी. आईंना कारभारी कसा वाटला ते इथे लिहा.

गोदाकाठ:
लिहिते. शनिवारी सावानात जातेय, बनगरवाडी आणि झोंबी दोन्ही मिळाली तर आणते, आयदान मी विकतच घेणार आहे. अजून कुणाला आठवलं तर सुचवत राहा, विशेषतः गेल्या दहा-पंधरा वर्षांतली पुस्तकं, जुन्यातलं आईला बरंच पाठ आहे.