थंडी गेली का भाऊ, का परत येते?

वर्धेकाठचा: आज सकाळी ओलिताले गेलो तर स्वेटर काढून धुऱ्यावर ठेवा लागलं, माघ अजून सरला नाही अन् पळसाले दोनचार केशरी फुलं लागले, आंब्याचा मोहर तर कधीचाच आला. म्हणजे वसंत लवकर आला का? गहू ओंबीवर हाय म्हणून विचारतो

कापूसवाला: पळसाचं काही खरं नाही भाऊ, आमच्या नाल्यावरचा एक दरवर्षीच घाई करते. ढगाळ राहिलं की रात्रीची थंडी मरते, आभाळ साफ होऊन उत्तरेचा वारा सुटला की पुन्हा शेकोटी. अन् वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, तवा आपल्याकडे पाय भाजतात 😄

संत्रावाली ताई: गव्हाचं पाणी तोडू नका दादा, दाणा भरताना ऊन तापलं की तो चिमतो. २०२३ चा फेब्रुवारी आठवते ना, दिवसाच्या तापमानात १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात गरम. मले तर गारीचीच भीती, २०१४ ले फेब्रुवारी-मार्चात कशी झोडपली, अन् आत्ता संत्र्याचा आंबिया बहार (थंडी सरताना येणारी फुलं) झाडावर हाय

वर्धेकाठचा: बरं ताई, रात्री लाइन आली की देतो पाणी. स्वेटर धुऱ्यावरच राहिलं होतं, बकरीनं एक बाही खाल्ली